हात-पाय लांब, मिसरूड नाही: मोजपट्टी काय सांगते?

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षं २ महिन्यांचा आहे. उंची १७२ सेंटीमीटर, गेल्या वर्षी याच सुमारास १६७ होती. त्याच्या बाबांची उंची १६८ आणि माझी १५७. मुलगा शेलाटा आहे, हात-पाय मात्र फार लांब दिसतात. दोन्ही हात पसरायला लावून मोजलं तर १८१ सेंटीमीटर भरलं. कंबरेपासून जमिनीपर्यंत १०४. अजून मिसरूड नाही, आवाज फुटलेला नाही. जांघेत थोडे केस आलेत, एवढंच. इंटरनेटवर एका ठिकाणी ‘मारफान’ असं वाचलं, दुसरीकडे ‘हार्मोनची कमतरता’. घरचे म्हणतात, उंची वाढतेय तर वाढू द्या, उगाच औषधांच्या मागे लागू नका. तपासणी करावी की वाट पाहावी? – एक आई

उत्तर : तपासणी करा, आणि ती येत्या महिन्याभरात करा. मुलांच्या हार्मोनविकारांचे तज्ज्ञ, म्हणजे पीडियाट्रिक एंडोक्रायनोलॉजिस्ट, गाठता आले तर उत्तम. या सल्ल्याचं मुख्य कारण हातांची लांबी नाही. मुलग्यात १४ वर्षं पूर्ण होईपर्यंत वयात येण्याची पहिली खूण दिसली नाही तर तपासणी करायची, असा नियम आहे. तुमचा मुलगा त्या रेषेच्या वर्षभर पुढे आहे. हाता-पायांचं प्रमाण त्याच्या जोडीला ठेवलं की शोध कोणत्या दिशेनं घ्यायचा ते कळतं.

पहिली खूण म्हणजे मिसरूड नव्हे, आवाज नव्हे आणि केस तर नव्हेतच. मुलग्यात सर्वांत आधी वृषणं वाढतात. वृषणाचं आकारमान ४ मिलिलिटर झालं, किंवा त्याची लांबी अडीच सेंटीमीटरच्या पुढे गेली, की वयात येणं सुरू झालं असं धरतात. मिसरूड आणि आवाज त्यानंतर बऱ्याच काळानं येतात. जांघेतल्या केसांनी पुष्कळ पालकांची फसगत होते. मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीही सौम्य पुरुषी हार्मोन तयार करतात, आणि वृषणं झोपलेली असली तरी तेवढ्यावर थोडे केस येऊ शकतात. ‘केस आलेत म्हणजे सुरुवात झाली’ असं कोणी म्हणालं तर ते ग्राह्य धरू नका.

आता प्रमाणाबद्दल. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते, ग्रोथ प्लेट. हाड लांब होतं ते तिथे. वयात येण्याआधीची वाढ ग्रोथ हार्मोन, थायरॉइड आणि पोषण यांच्या जोरावर चालते, आणि त्या वर्षांत पाय धडापेक्षा वेगानं वाढतात. लैंगिक हार्मोन चढू लागले की कणा, म्हणजेच धड, जोरात वाढतं. पुढे याच हार्मोनमुळे पट्ट्या हळूहळू हाडात बदलून बंद होतात. हे हार्मोन उशिरा आले, कमी आले किंवा आलेच नाहीत, तर पट्ट्या उघड्या राहतात, हात-पाय वाढतच जातात आणि धडाला मिळायचा जोर मिळत नाही. त्यातून लांब हात, लांब पाय आणि तुलनेनं आखूड धड अशी ठेवण तयार होते. वैद्यकीय कागदांवर तिला ‘युनुकॉइड’, म्हणजे ‘खोजासारखी’, म्हणतात. शब्द ऐकायला कडू आहे. तो तुमच्या मुलाच्या कागदांवर दिसला तर दचकू नका, तो फक्त मापांबद्दल बोलतो.

मुलग्यातही या पट्ट्या बंद करण्याचं काम प्रामुख्यानं इस्ट्रोजेन करतं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचा काही भाग शरीरात अॅरोमाटेझ नावाच्या एन्झाइममुळे इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तो ग्रोथ प्लेटवर काम करतो. १९९४ मध्ये २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याचं टेस्टोस्टेरॉन ठीक होतं, पण इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीतली त्याला ओळखणारी जागा, बिघडलेली होती. उंची २०४ सेंटीमीटर, एक्स-रेवरून ठरणारं हाडांचं वय अवघं १५, आणि तो तोवर वाढतच होता. इस्ट्रोजेनला फक्त बायकांचं हार्मोन समजण्याची सवय त्या नोंदीनंतर तज्ज्ञांनी तरी सोडली.

तुमच्या आकड्यांपैकी एक बाद करावा लागेल. कंबरेपासून जमिनीपर्यंतचं १०४ हे शिंप्याचं माप आहे, इथे ते कामाचं नाही. कंबर कुठे धरायची हे प्रत्येकाचं वेगळं असतं. आपल्याला हवा तो ‘खालचा भाग’, म्हणजे जघनास्थीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर. ओटीपोटाच्या मधोमध बोटानं खाली दाबत गेलं की जे कडक हाड लागतं, त्याची वरची कड. पॅंटच्या आतल्या शिवणीचं मापही चालत नाही, ते या हाडाच्या बरंच खालून सुरू होतं. मुलगा मोठा आहे, तेव्हा हाड त्यानं स्वतः चाचपून बोट तिथे धरावं आणि बाबांनी टेप लावावी.

उंची मोजताना अनवाणी, टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्यावर गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवून खूण करा. नुसती पट्टी ठेवली तर ती तिरकी होते आणि सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर सहज इकडचा तिकडे होतो. माप दर वेळी सकाळी घ्या, कारण दिवसभरात कण्यातल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची जवळजवळ एक सेंटीमीटर कमी भरते. हात मोजताना पाठ भिंतीला, हात खांद्याच्या पातळीत आडवे, तळवे पुढे. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या खुणा भिंतीवरच करा आणि मुलगा बाजूला झाल्यावर त्यांच्यातलं अंतर मोजा. छातीवरून टेप नेली तर ती छातीच्या उठावावरून वळते आणि माप खोटंच जास्त येतं. तुमच्या १८१ मध्ये असं काही घडलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं. प्रत्येक माप तीनदा घ्या. तीन आकड्यांत एक सेंटीमीटरहून अधिक फरक असेल तर सगळं पुन्हा मोजा, नसेल तर सरासरी काढा.

उंचीतून खालचा भाग वजा केला की वरचा भाग मिळतो. वरच्याला खालच्यानं भागलं की येणारं गुणोत्तर जन्मतः साधारण १.७ असतं, तिसऱ्या वर्षी १.३ च्या आसपास, दहाव्या वर्षाच्या सुमारास १ च्या जवळ आणि मोठ्या माणसात ०.९ ते १ च्या दरम्यान. हातांची पसर लहानपणी उंचीहून किंचित कमी असते, दहा-अकराच्या सुमारास उंचीला गाठते आणि पुरुषांत पुढे थोडी वर जाते. पसर उंचीपेक्षा ५ सेंटीमीटरहून जास्त, किंवा खालचा भाग वरच्यापेक्षा ५ सेंटीमीटरहून जास्त, ही सर्वसाधारण धोक्याची रेषा. पण ती पाळताना डोकं वापरावं लागतं. काही वंशांत आणि काही घराण्यांत हात-पाय मुळातच लांब असतात, म्हणून बाबांचीही पसर त्याच भिंतीवर मोजा. बाबांची पसर १७५ निघाली तर मुलाच्या आकड्याचं वजन निम्मं होतं. कणा वाकडा असेल तर हात तेवढेच राहून उंची कमी भरते आणि पसर विनाकारण मोठी वाटते. त्यासाठी मुलाला कमरेतून पुढे वाकवून मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली तर डॉक्टरांना सांगा. आणि वयात येण्याच्या अगदी आधी, तसंच सुरुवातीच्या काळात, प्रत्येकच मुलगा थोडा काटकुळा नि लंबूटांग असतो. आधी पंजे-पावलं वाढतात, मग पाय, आणि धड शेवटी. एकदाच घेतलेल्या मापात हा टप्पा आणि खरा दोष सारखेच दिसू शकतात.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. आई-बाबांच्या उंचीवरून मुलाची अपेक्षित उंची काढतात ती अशी : दोघांची सरासरी अधिक साडेसहा सेंटीमीटर. १६८ आणि १५७ ची सरासरी १६२.५, म्हणजे अपेक्षित उंची १६९. त्यात साधारण साडेआठ सेंटीमीटर इकडेतिकडे धरतात. तुमचा मुलगा वयात न येताच १७२ वर आहे, म्हणजे पट्ट्या उघड्या असताना आणि शेवटची झेप बाकी असताना. शिवाय वर्षभरात तो ५ सेंटीमीटर वाढला. हा लहान मुलाचा वेग आहे. वयात येतानाच्या झेपेत मुलगे वर्षाला ९-१० सेंटीमीटर वाढतात.

हे महत्त्वाचं यासाठी, की उशिरा वयात येण्याचं सर्वांत सामान्य कारण निरुपद्रवी असतं. घरात कोणीतरी उशिरा वाढलेलं असतं, तसंच मुलाचंही होतं आणि एक-दोन वर्षांत गाडी रुळावर येते. पण अशी मुलं बहुधा वयाच्या मानानं बुटकी असतात, आणि हाडांचं वयही तेवढंच मागे असतं. उंचापुरा, लांब हाता-पायांचा, पंधरा ओलांडलेला आणि वयात न आलेला मुलगा त्या चित्रात नीट बसत नाही. बसणारच नाही असं नाही, पण ‘वाट पाहा’ म्हणण्याआधी बाकीच्या शक्यता खोडाव्या लागतात. त्या खोडायच्या कशा, ते एकेक करून.

मारफान तुम्ही वाचलंत ते निराधार नाही. पसर भागिले उंची १.०५ च्या वर असणं ही त्याच्या अनेक खुणांपैकी एक आहे, आणि तुमच्या मुलाचं १८१ भागिले १७२ म्हणजे १.०५ च्या किंचित वर येतं. पण मारफान हा संयोजी ऊतींचा, म्हणजे शरीराला आधार देऊन बांधून ठेवणाऱ्या ऊतींचा, जनुकीय आजार आहे आणि त्यात मुलं साधारण वेळेवरच वयात येतात. वयात येणं का रखडलं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. तरी दोन खुणा घरी बघता येतील. अंगठा तळहातात आडवा घालून मूठ मिटली तर अख्खं नख करंगळीच्या बाजूनं बाहेर डोकावतं का? आणि एका हाताच्या अंगठ्यानं नि करंगळीनं दुसऱ्या मनगटाला विळखा घातला तर अंगठा करंगळीच्या संपूर्ण शेवटच्या पेरावर चढतो का? दोन्ही होत असतील, किंवा जोडीला चष्म्याचा मोठा नंबर, छातीचा खड्डा वा उंचवटा, घरात कोणाचा हृदयाच्या महाधमनीच्या विकारानं अकाली मृत्यू असेल, तर इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) आणि डोळ्यांच्या भिंगाची तपासणी पुढे ढकलू नका. मारफानमध्ये जीव धोक्यात येतो तो महाधमनीमुळे, लांब हातांमुळे नाही.

क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये मुलग्यात एक एक्स गुणसूत्र जास्त असतं. साधारण ६०० मुलग्यांत एक, म्हणजे दुर्मीळ म्हणावं असं नाही, आणि पुष्कळांचं निदान आयुष्यभर होत नाही. इथे वयात येणं सहसा वेळेवर सुरू होतं आणि मध्येच अडखळतं. वृषणं लहान आणि कडक राहतात, छातीवर स्तनासारखा उभार येऊ शकतो. यातलं प्रमाणही जरा वेगळं असतं : पाय लांब असतात, अगदी वयात येण्याआधीपासून, पण हातांची पसर त्या मानानं वाढलेली नसते. त्याचं कारण असं, की उंचीशी संबंधित एक जनुक त्या जादा गुणसूत्राबरोबर जादा मिळतं. हार्मोन कमी पडण्याआधीच पाय वाढू लागलेले असतात.

तिसरी शक्यता मेंदूकडून हुकूमच न सुटण्याची. मेंदूतला हायपोथॅलॅमस, त्याखाली पिट्युटरी ग्रंथी आणि त्याखाली वृषणं, अशी ही साखळी असते. वरची कडी गप्प राहिली तर वृषणं निरोगी असूनही जागी होत नाहीत. यातल्या कालमन सिंड्रोममध्ये वासाची जाणीवही नसते, कारण हुकूम सोडणाऱ्या पेशी गर्भात नाकाच्या भागातूनच मेंदूत सरकतात. अशा मुलांना आपल्याला वास येत नाही हे पुष्कळदा माहीतच नसतं. डोळे मिटून साबण, कॉफी, अत्तर ओळखायला लावा. बाम किंवा अमोनिया वापरू नका, त्यांची झोंबणी दुसरीच नस पकडते आणि वास येत नसलेला मुलगाही ‘येतोय’ म्हणतो. लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं का, त्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती का, एकच मूत्रपिंड आहे का, ऐकायला कमी येतं का, एका हातानं बोटं हलवली की दुसऱ्या हाताची बोटंही आपोआप हलतात का, हेही आठवून लिहून न्या.

दवाखान्यातली सर्वांत महत्त्वाची तपासणी रक्ताची नाही. डॉक्टरांनी वृषणं प्रत्यक्ष तपासून, ऑर्किडोमीटर नावाच्या मण्यांच्या माळेशी ताडून, त्यांचं आकारमान लिहिलं पाहिजे. मणी १ ते २५ मिलिलिटरचे असतात. संकोचापोटी हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि मग महागडे रिपोर्ट हातात असूनही निदान होत नाही. काय तपासणार आहेत आणि का, हे मुलाला आधी घरी सांगा. तपासताना खोलीत बाबांनी थांबावं की कोणीच नाही, हे त्याला ठरवू द्या.

रक्त सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान, उपाशीपोटी. टेस्टोस्टेरॉन पहाटे नि सकाळी सर्वांत जास्त असतं, आणि सुरुवातीच्या काळात तर फक्त तेव्हाच दिसतं. दुपारी घेतलेला नमुना निरोगी मुलालाही आजारी ठरवतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद करा, त्या अनेक यंत्रांवर हार्मोनचे आकडे चुकवतात. सोबत एलएच आणि एफएसएच (पिट्युटरीचे वृषणांना हुकूम देणारे हार्मोन), प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन), थायरॉइड, हिमोग्राम आणि डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे हाडांच्या वयासाठी. रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉनपुढे ‘कमी’ असा लाल शिक्का दिसला तर हबकू नका. छापलेली मर्यादा बहुतेकदा प्रौढ पुरुषाची असते. पंधरा वर्षांच्या मुलाचा आकडा वयाशी नव्हे, तर तो वयात येण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्याच्याशी ताडतात.

एफएसएच नि एलएच चढलेले असतील तर वरून हाका मारूनही वृषणं ओ देत नाहीत असा अर्थ. पुढची पायरी गुणसूत्रांची तपासणी, कॅरिओटाइप. दोन्ही खाली असतील तर प्रश्न अवघड होतो, कारण नुसता उशीर आणि कायमची कमतरता रक्तात जवळजवळ सारख्याच दिसतात. वास, वृषणांचा पूर्वेतिहास, इन्हिबिन-बी या वृषणांतल्या हार्मोनची पातळी आणि गरजेनुसार मेंदूचा एमआरआय यांनी तराजू थोडा झुकतो. अनेकदा तज्ज्ञ टेस्टोस्टेरॉनचं लहान डोसाचं इंजेक्शन, महिन्याला ५० मिलिग्रॅमच्या आसपास, तीन ते सहा महिने देऊन थांबतात आणि मग वृषणं पुन्हा मोजतात. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉननं वृषणं वाढत नाहीत. त्यामुळे ती वाढलेली दिसली तर शरीराची स्वतःची यंत्रणा जागी झाली, असं खात्रीनं म्हणता येतं.

‘उंची वाढतेय तर वाढू द्या’ या सल्ल्याला माझा साफ विरोध आहे. अशी मिळणारी उंची जवळजवळ सगळी पायांची असते. हाडांत कॅल्शियम भरण्याचा मोठा हिस्सा याच वर्षांत, याच हार्मोनच्या मदतीनं भरतो. ही वर्षं कोरडी गेली तर हाडं लांब पण ठिसूळ राहतात, आणि नंतरच्या उपचारानं तो खड्डा पूर्ण भरेलच असं नाही. प्रमाणाचंही तसंच. उपचार वेळेवर सुरू झाले तर धड काही अंशी भरपाई करतं, पण लांबलेले पाय मागे येत नाहीत. उलट टोकही टाळा. व्यायामशाळेत मिळणारी ‘मर्दानी’ इंजेक्शनं किंवा पावडरी यातलं काहीही देऊ नका. मोठ्या डोसानं पट्ट्या भराभर बंद होतात आणि स्वतःची यंत्रणा दबते. शिवाय रक्ताचे आकडे असे बिघडतात की पुढे काही महिने निदानच करता येत नाही. खरा उपचार लहान डोसापासून दोन-तीन वर्षांत हळूहळू चढवतात, निसर्ग चढवतो त्याच गतीनं.

पुढे मूल होईल का, हा प्रश्न तुमच्या मनात येईल, तो पहिल्याच भेटीत विचारा. हुकूम न सुटण्याच्या प्रकारात वेगळ्या इंजेक्शनांनी शुक्राणू तयार करता येणं बऱ्याचदा शक्य असतं. क्लाइनफेल्टरमध्येही काही पुरुषांत शस्त्रक्रियेनं वृषणातून शुक्राणू मिळतात. तेव्हा ‘कधीच नाही’ असं कोणी पटकन सांगितलं तर दुसरं मत घ्या.

ज्यांच्या घरी मुलगी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : तेराव्या वर्षापर्यंत स्तनांची वाढ सुरू नसेल, किंवा पंधरापर्यंत पाळी आली नसेल, तर हीच तपासणी. हात-पाय लांब होण्याचं तत्त्वही तेच. मात्र बुटकी, रुंद छातीची, कोपरातून हात बाहेर वळलेला अशी मुलगी वयात येत नसेल तर टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रं बघावीत. तिथे अंडाशय काम करत नसूनही पाय लांब होत नाहीत, कारण उंचीचं तेच जनुक इथे एकानं कमी असतं. आणि फार लवकर वयात आलेली मुलं आधी वर्गात सर्वांत उंच दिसतात, मग पट्ट्या लवकर मिटून ठेंगणी राहतात, धड लांब नि पाय आखूड.

एक गोष्ट महिनाभर थांबण्यासारखी नाही. सतत डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, बाजूचं दिसेनासं होणं, किंवा अचानक खूप तहान नि खूप लघवी यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. पिट्युटरीच्या भागातली गाठही वयात येणं अडवते.

भेटीला जाताना शाळेच्या आरोग्यपत्रिका आणि बालरोगतज्ज्ञांच्या जुन्या वहीतल्या उंची-वजनाच्या नोंदी तारखेसह न्या, चार-पाच वर्षांच्या मिळाल्या तर फारच छान. बाबांचा आवाज कितव्या वर्षी फुटला, दाढी कधी सुरू झाली, कॉलेजात गेल्यावरही ते वाढत होते का, हे त्यांना विचारा. पुरुषांना वर्ष आठवत नाही, पण दहावीच्या फोटोत ते वर्गात कुठे उभे होते हे सहसा आठवतं. तुमच्याही पहिल्या पाळीचं वय लिहून ठेवा.